तीन पायांचा जॅक आणि रिकामं भोक: पीजे३९८एसएम वापरून पाहिल्यावर

वस्तू: ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅक, बोर्डावर उभा सोल्डर होणारा, नाव पीजे३९८एसएम. शंभर नगांची पिशवी घेतली. चीनमधला चिंगपू हा कारखाना तो बनवतो, इंग्लंडमधलं थॉन्क नावाचं दुकान तो ‘थॉन्किकॉन’ म्हणून विकतं, आणि घरी मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे तुकडे तारांनी जोडून आवाज काढायचं यंत्र) बनवणारी जगभरची मंडळी हाच वापरतात. वाहतूक-बिहतूक धरून मला नगामागे ५० रुपयांच्या आसपास पडला. नागपूरला बर्डीवर साधा ३.५ चा सॉकेट याच्या पाव भावात मिळतो. मग पाचर कशाला मारून घ्यायची, हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर तिसऱ्या पायात आहे आणि ते जरा लांबलचक आहे.

मी वडशाचा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाला आणि ऑक्टोपॅडवाला यांच्या बाजूला बसून इफेक्ट देतो: वारा, वीज, भूत यायच्या आधीची घरघर, कोर्टाच्या सीनला छातीचा ठोका. दिवाळी झाली, धान घरात आला की आमचा हंगाम. रात्री उशिरा पडदा उघडतो, उजाडेस्तोवर चालतं. पेनड्राइव्हवरचा वारा मला चालत नाही. नटानं वाक्य लांबवलं तर वाऱ्यानंही लांबलं पाहिजे, आणि झाडीपट्टीत नट वाक्य लांबवतोच. म्हणून पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत युरोरॅक मापाचा छोटा रॅक बनवला. हे माप जर्मनीच्या डोप्फरनं १९९५ मध्ये ए-१०० सिस्टिमसोबत आणलं: अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा, ३.५ चे जॅक, आणि प्रत्येक मॉड्यूल दुसऱ्याला तारेनं जोडायचं. तार जोडली नाही तर काय होतं, यावरच हा सगळा रिव्ह्यू आहे.

जॅकची रचना अशी. एक पाय स्लीव्हचा, म्हणजे ग्राउंड. एक टिपचा, सिग्नल येतो तो. तिसरा स्विचचा. आतमध्ये टिपची पत्ती तिसऱ्या पायाच्या पत्तीवर दाबून बसलेली असते. प्लग आत गेला की तो टिपची पत्ती उचलतो आणि दोघींची फारकत होते. प्लग काढला की पत्ती परत जागेवर. यात बॅटरी नाही, चिप नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या बोर्डांवर हीच युक्ती होती.

तुम्हीही ती वापरलेली आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत इअरफोन घातला की स्पीकर गप्प व्हायचा, ते याच पत्तीचं काम. कीबोर्डच्या पाठीमागे डाव्या आउटपुटवर ‘एल/मोनो’ लिहिलेलं असतं. उजव्या भोकात काही घातलं नसेल तर दोन्ही बाजूंचा आवाज डाव्यातून मिळून येतो. उजव्यात प्लग गेला की वाटण्या होतात. कितीतरी ऑर्केस्ट्रावाले वर्षानुवर्षं हे वापरतात, आणि एकाच तारेत पूर्ण आवाज कसा येतो हे त्यांना विचारलं तर कंपनीची करामत म्हणतात.

आता माझं मत. मॉड्यूल विकत घ्या की बनवा, आधी त्याची रिकामी भोकं काय करतात ते बघा. तार घातल्यावर सगळेच गातात.

सगळ्यात साधं काम म्हणजे तिसरा पाय ग्राउंडला जोडणं. इनपुट रिकामं असलं की ते ग्राउंडला टेकून राहतं, शांत राहतं. हे नसेल तर काय होतं ते आमच्या पहिल्या खोक्यानं दाखवलं. त्यात बर्डीचे साधे, स्विच नसलेले सॉकेट होते आणि मिक्सरच्या चार इनपुटांपैकी तीन रिकामे. बाजूला जनरेटरची केबल, डिमरचा डबा, हॅलोजनच्या तारा. फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारं मॉड्यूल, उघडला की सगळ्या मंडपात गुंऽऽ. भाचा माझ्यासोबत असतो, तो म्हणाला, “मामाजी, कायीच लावलं नाही न, मंग आवाज कुठून येऊन रायला?” म्हटलं, “लावलं नाही म्हणूनच त येऊन रायला गा.”

कारण सोपं आहे. युरोरॅकमध्ये इनपुटचा रोध साधारण १०० किलोओहम असतो, काही ठिकाणी त्याहून खूप जास्त. असं उघडं टोक म्हणजे अँटेनाच; भोवतीच्या विजेच्या तारांतली ५० हर्ट्झ त्यात हवेतून शिरते. तारेच्या टोकाला बोट लावा, गुंजन लगेच दुप्पट. आणि जर जॅकची टिप थेट टीएल०७२ सारख्या ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) अधिक टोकाला गेली असेल, मध्ये ग्राउंडकडे जाणारा एकही रोध नसेल, तर आणखीच तमाशा. त्या चिपला इनपुटमधून अगदी नगण्य करंट लागतो, पण तोही कुठून तरी यायला हवा. वाट नसली की इनपुट हळूहळू सरकत जातं आणि आउटपुट वरच्या किंवा खालच्या टोकाला जाऊन चिकटतं. पिचच्या इनपुटवर तर मिलिव्होल्टसुद्धा ऐकू येतो. एक व्होल्टला एक सप्तक या हिशोबात एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. १० मिलिव्होल्टचा उपद्रव म्हणजे १२ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). ऑर्गनवाल्याचा कान त्याला माफ करत नाही.

पण सगळीकडे डोळे झाकून ग्राउंड करू नका. जॅकनंतर लगेच आवाजाचा पॉट (नॉबनं फिरवायचा रोध) असेल आणि पॉटचं खालचं टोक ग्राउंडला असेल, तर इनपुट तसंही हवेत लटकत नाही. आणि चार रोध एका ऑप-अँपच्या उणे टोकाला मिळवणाऱ्या मिक्सरमध्ये रिकामे रोध ग्राउंडला बांधले की चिपचा स्वतःचा खरखराट थोडा वाढतो. उघडे ठेवले तर तो कमी, पण बोर्डावरचा लांब ट्रॅक गुंजन पकडू शकतो. मी ग्राउंड करतो. मंडपात चिपची खरखर कोणी ऐकत नाही, गुंजन मात्र शेवटच्या रांगेतली चिल्लीपिल्लीसुद्धा ऐकतात.

तिसऱ्या पायाचा खरा मजा व्होल्टेज जोडल्यावर. समजा सिग्नल कमी-जास्त करायचा साधा पॉट आहे. त्याच्या जॅकच्या तिसऱ्या पायाला स्थिर ५ व्होल्ट दिले. तार घातली तर तो पॉट तारेतला सिग्नल घटवतो. तार नाही, तर तोच पॉट शून्य ते पाच व्होल्ट देणारं हातानं फिरवायचं बटण होतो. एका नॉबला दोन नोकऱ्या. मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्स या गाजलेल्या मॉड्यूलमध्ये दुसऱ्या चॅनेलच्या रिकाम्या इनपुटला १० व्होल्ट आणि तिसऱ्याच्या इनपुटला ५ व्होल्ट आतूनच जोडलेले आहेत. व्हीसीएचंही, म्हणजे व्होल्टेजच्या इशाऱ्यानं आवाज कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलचंही, तसंच: कंट्रोलच्या जॅकला आतून व्होल्टेज नसेल, तर तार घालेपर्यंत तो उघडतच नाही, आणि नवीन माणूस आवाज का येत नाही म्हणून आधी स्पीकर तपासत बसतो.

इथे एक सावधगिरी. तिसऱ्या पायाला १२ व्होल्टची लाइन सरळ जोडू नका, मध्ये रोध पाहिजेच. प्लग आत सरकत असताना क्षणभर त्याचं टोक टिपच्या पत्तीला लागलेलं असतं, आणि ती पत्ती अजून तिसऱ्या पायापासून सुटलेली नसते. त्या क्षणी बाहेरचं मॉड्यूल आणि आतलं व्होल्टेज एकमेकांसमोर उभे असतात. म्हणून तर बहुतेक मॉड्यूलच्या आउटपुटवर १ किलोओहमचा रोध ठेवलेला असतो. प्लग घालताना त्याचं टोक जॅकच्या धातूच्या नळीला घासून गेलं आणि सिग्नल ग्राउंडला शॉर्ट झाला, तरी त्यामुळे काही जळत नाही.

माझ्या दुसऱ्या खोक्यात मी हे जॅक असे लावले. व्हाइट नॉइजचा (नुसत्या सळसळीचा) आवाज फिल्टरच्या इनपुटच्या तिसऱ्या पायाला. संथ एलएफओ, म्हणजे हळूहळू वर-खाली डोलणारं व्होल्टेज, फिल्टरच्या कंट्रोलच्या तिसऱ्या पायाला. फिल्टरचं आउटपुट व्हीसीएच्या इनपुटच्या तिसऱ्या पायाला, आणि व्हीसीएच्या कंट्रोलच्या तिसऱ्या पायाला ५ व्होल्ट. म्हणजे खोक्यात एकही तार नाही, तरी नॉब फिरवला की वारा सुटतो. विंगेत अंधार असतो, प्रॉम्प्टरच्या टॉर्चशिवाय उजेड नाही, मालक इशारा करतो तेव्हा तार शोधत बसायला वेळ कुठे? घरघर पाहिजे असेल तर फिल्टरच्या इनपुटला ऑसिलेटरची (सूर काढणाऱ्या मॉड्यूलची) एक तार घालायची. वारा आपोआप बाजूला होतो. तार काढली, वारा परत. मूगचं मदर-३२, कोर्गचं १९७८ चं एमएस-२०, एआरपीचं २६००, ही सगळी अर्धमॉड्युलर यंत्रं याच तत्त्वावर चालतात: तारेविना वाजतात, तार घातली की आतली जोडणी तुटून तुमची लागते.

हीच पत्ती आउटपुटच्या भोकातही बसवता येते, आणि हा वापर मला सगळ्यात आवडतो. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या व्हेल्समध्ये चार व्हीसीए आहेत. पहिल्याच्या आउटपुटला तार नसेल तर त्याचा आवाज दुसऱ्यात मिसळतो, दुसऱ्याचा तिसऱ्यात, असं खालपर्यंत. धानाच्या बांध्यांसारखं आहे हे: वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं, पण मध्येच कोणी तोंड फोडून आपल्याकडे वळवलं तर खाली तेवढं कमी जातं. चारही चॅनेल मिसळायचे तर फक्त शेवटच्या भोकात तार. दोन-दोनची जोडी पाहिजे तर दुसऱ्यात एक आणि चौथ्यात एक. मॅथ्सच्या आउटपुटांचंही असंच. चॅनेलच्या भोकात प्लग गेला की तो बेरजेतून बाहेर.

यावरून एक देशी युक्ती. तुटलेल्या तारांचे प्लग मी कापून ठेवतो, मागे तार नाही, नुसता प्लग. एखादा चॅनेल बेरजेतून काढायचा असेल किंवा आतून येणारं व्होल्टेज तोडायचं असेल तर हा मुका प्लग खुपसायचा. मात्र इनपुटमध्ये खुपसला तर तिसरा पाय सुटला आणि टिपला दुसरं काहीच लागलं नाही, म्हणजे इनपुट पुन्हा हवेत. तेव्हा बनवताना टिपपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा रोध वेगळा टाकाच. स्विच असताना रोध कशाला, असं भाचाही विचारत होता. अर्धवट घातलेला प्लग आणि दुसरं टोक मोकळं सोडलेली तार, या दोन्हींवर तोच उपाय आहे.

सर्ज या दुसऱ्या घराण्याच्या मॉड्युलर सिस्टिम बनाना प्लगवर चालतात. त्या प्लगला टिप-स्लीव्ह काही नाही, एकच खांब, आणि सॉकेट म्हणजे नुसती नळी. तारेवर तार चढवता येते ही मोठी सोय, पण पत्ती नसल्यामुळे भोक रिकामं आहे की भरलेलं हे यंत्राला कळायची सोय नाही. मला ते नको.

चिपवाली मॉड्यूल याच पत्तीतून आणखी हुशारी काढतात. म्युटेबलच्या प्लेट्स आणि रिंग्ज या सूर काढणाऱ्या मॉड्यूलचा आराखडा आणि कोड खुला आहे, बघून घ्या. ज्या जॅकची खबर पाहिजे त्यांचे तिसरे पाय मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनला जोडलेले, आणि त्या पिनवरून शून्य-एकची उलटसुलट मालिका सोडत राहायची. इनपुटवर तीच मालिका परत वाचता आली तर भोक रिकामं. काही दुसरं आलं तर कोणीतरी प्लग घातलाय. मग वागणूक बदलते. प्लेट्सच्या ट्रिगरमध्ये (ठोक्याचा इशारा घेणाऱ्या भोकात) तार नाही तर सूर अखंड धरून ठेवतो. तार घातली की प्रत्येक ट्रिगरला ठोका देतो आणि विरतो. रिंग्जच्या स्ट्रम इनपुटला तार नसेल तर पिच बदलल्यावरून तो स्वतःच ठरवतो की आता तार छेडायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा या दिडदमडीच्या पत्तीबद्दल माझा आदर वाढला.

आतून जोडणी करताना सुरांच्या बाबतीत एक हिशोब करावा लागतो. पिचचं व्होल्टेज १ किलोओहमच्या रोधातून १०० किलोओहमच्या इनपुटला गेलं की जवळपास एक टक्का घटतं. एक टक्का ऐकायला काही नाही, पण दर सप्तकाला १२ सेंट होतात, पाच सप्तकांवर ६०. तेच व्होल्टेज तीन ऑसिलेटरना वाटलं तर दर सप्तकाला ३५ सेंटच्या आसपास, म्हणजे वाद्य कामातून गेलं. म्हणून तिसऱ्या पायाला पिच द्यायचा असेल तर बफरमधून (व्होल्टेज न घटवता पुढे देणाऱ्या ऑप-अँपमधून) द्या, किंवा रोध ऑप-अँपच्या फीडबॅकच्या आत घ्या.

आता या पिशवीचे दोष. पहिला: पत्ती उचलली गेली तरी ती तिसऱ्या पायापासून फार लांब जात नाही. तिथे जोरकस नॉइज किंवा चौकोनी लहर कायम उभी असेल, तर तारेचा सिग्नल शांत असताना आतला आवाज बारीक झिरपू शकतो. माझ्या खोक्यात वाऱ्याचा असा पाझर हेडफोनवर कळतो, मंडपात नाही. सुराचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दुसरा दोष मोठा आणि तो आमच्या भागाचा. हंगामात सगळीकडे धानाची चुरणी चालू असते, हवेत तूस, पहाटे दव. पत्त्यांच्या मधोमध ही धूळ बसते. स्पीकर किंवा मोटरच्या स्विचमधून जाणारा करंट संपर्कावरचा पातळ थर तोडून काढतो. इथे ५ व्होल्ट आणि १०० किलोओहम म्हणजे ५० मायक्रोअँपिअर, त्यानं काही तुटत नाही. मग तार नसताना वारा येत नाही, तार घातली की सगळं ठीक, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधतो. दोन-चार वेळा प्लग आत-बाहेर केला की घासून साफ होतं. हंगामाच्या मध्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. न वापरायच्या भोकांवर मी रात्री कापड टाकतो. पीजे३९८नं हा त्रास इतरांपेक्षा खूप कमी दिला, पत्तीचा दाब चांगला आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आधी तशाच दिसणाऱ्या स्वस्त जॅकची पिशवी घेतली होती, त्यातल्या बऱ्याच पत्त्या थोडा वापर होताच ढिल्या पडल्या आणि प्लग काढल्यावर परत टेकेनात.

घेताना फसगत होते ती पायांच्या मोजणीत. बाजारात तीन पायांचे स्टीरिओ सॉकेटही असतात. त्यात टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन पाय, स्विच नाहीच. बाहेरून ओळखू येत नाही. मीटर बीपवर ठेवा. काहीच घातलेलं नसताना ग्राउंड सोडून उरलेले दोन पाय एकमेकांशी बीप करायला हवेत, आणि मोनो प्लग घातला की बीप बंद. स्टीरिओ सॉकेट उलटं वागेल: रिकामा असताना गप्प, मोनो प्लग घातला की रिंगचा पाय ग्राउंडशी बीप. पाच पायांच्या सॉकेटमध्ये स्टीरिओही असतो आणि दोन स्विचही. ते चालतात, पण माझ्या बोर्डावर मावत नाहीत. पिशवीतला प्रत्येक नग सोल्डर करायच्या आधी तपासा. सोल्डर झालेला जॅक पॅनेलसकट काढणं म्हणजे संध्याकाळ गेली.

नटांबद्दल तक्रार राहील. गोल दातेरी नट आहेत, साध्या पान्यात धरत नाहीत, पक्कड लावली की पॅनेलवर ओरखडे. त्याची वेगळी चावी मिळते, पिशवीसोबत ती मागवा. पॅनेलला ६ मिलिमीटरचं भोक पुरतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ड्रिल घसरतो, आधी पंच मारा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा नटांचा कापला. पिशवीत उरलेले जॅक गडगडाटाच्या खोक्यासाठी ठेवलेत. त्याच्या इनपुटच्या तिसऱ्या पायाला काय जोडायचं यावर घरात वाद चालू आहे. भाचा म्हणतो नॉइज जोडा, तार विसरली तरी वीज कडाडेल. मला ग्राउंड बरं वाटतं: वारा चुकून सुटला तर प्रेक्षकांना सीनच वाटतो, पण मुलीच्या बिदाईच्या सीनला वीज कडाडली तर मालक मलेच बिदा करतील.